बारा गावचं पाणी प्यालेली गाडी

माझ्या बायकोनं लग्नानंतर इतक्या वर्षांत माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, आणि ती मी तिला आणून दिली. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

लातूरला आमचं पाण्याच्या टाक्यांचं दुकान आहे. काळ्या प्लॅस्टिकच्या टाक्या, पाइप, तोट्या, असला सगळा माल. जगात पाऊस पडला की लोक खूश होतात, आमच्याकडे तो पडला नाही की गल्ल्यावरच्या माणसाला बरं वाटतं (उघड हसता येत नाही, शेजारी भाजीवाला बसतो). मध्यंतरी दोन-तीन उन्हाळे शहराला फार वाईट गेले, म्हणजे आम्हाला बरे गेले. तेव्हा महानंदानं, माझ्या बायकोनं, गाडीचा विषय काढला.

तिचं माहेर देगलूर. ती थोरली. धाकटी सुनंदा नांदेडला दिलेली, आणि तिचा नवरा काशिनाथअप्पा मोठा कंत्राटदार. म्हणजे माझा साडू. साडू हे नातं देवानं माणसाचा गर्व उतरवण्यासाठीच केलं असावं. भाऊ असता तर भांडता आलं असतं, शेजारी असता तर घर बदलता आलं असतं. साडूला मात्र दर कार्याला शेजारी बसून जेवावं लागतं. अप्पांची गाडी ही एवढी मोठी, सात माणसांची. आम्ही देगलूरला जायचो एसटीनं. स्टँडवर अप्पा घ्यायला यायचे, प्रेमानं यायचे, आणि तेच जास्त लागायचं. गाडीत सुनंदा पुढे, मध्ये सासूबाई आणि पाहुणे. घरची थोरली लेक महानंदा सगळ्यात मागच्या सीटवर, मांडीवर लाडवांचा डबा, पायाशी रुखवताची टोपली. घरी पोचलं की कुणीतरी विचारायचंच, "एसटीनं आलाव व्हय?" विचारणाराच्या आवाजात दुखवट्याला आल्याची माया असायची. महानंदा हसायची. ते हसू मी वर्षानुवर्षं पाहिलं, आणि खरं सांगतो, मला त्याचा त्रास व्हायचा. पण त्रास होणं आणि गाडी होणं ह्यात फार अंतर असतं.

तिच्या भावाच्या मुलाचं लग्न ठरलं. त्या दिवशी तिनं माझ्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, "मला एकदा पुढच्या सीटवर बसून माहेरी जायचंय. अप्पांच्यासारख्या गाडीत. आपल्या. एकदाच. मग इका मेलीला."

नवी घ्यायची तर दुकान विकावं लागलं असतं. म्हणून जुनी बघू लागलो. मोबाइलवर एक सापडली, नांदेडची. पांढरीशुभ्र, सात सीटची, आत चामड्याच्या सीटा, वरचं छत बटन दाबलं की उघडतं. खाली लिहिलेलं, 'घरगुती वापर, एक मालक.' (कंपनीचं नाव मी सांगणार नाही. कंपनीचा ह्यात काही दोष नाही. दोष कुणाचा ते पुढे येईलच, आणि तुम्हाला आताच अंदाज आला असेल.)

मला दुकानाचा टेम्पो चालवता येतो, पण गाडीतलं कळत काही नाही. पारखायला जाणकार पाहिजे, म्हणून मी अहमदपूरजवळच्या खेड्यातून माझ्या नागनाथमामांना बोलावलं. मामांचं आयुष्य जनावरांच्या बाजारात दलालीत गेलं. नुसतं शेपूट बघून बैलाचं वय सांगायचे. गाडीचा आणि त्यांचा संबंध आयुष्यभर आत बसण्यापुरता. तरी मी त्यांनाच का नेलं? कारण आमच्या घराण्यात खरेदी-विक्रीला मामांना न नेणं म्हणजे लग्नाला भटजी न बोलावणं. आणि मामांना स्वतःबद्दल शंका नव्हती.

"गाडी काय अन् बैल काय, शिवा," ते म्हणाले. "दोन्ही वळणाचं काम. फक्त खोड इचारायची इसरायचं न्हाई."

हे खोडीचं प्रकरण समजून घ्या, कारण माझी माती त्यातच झाली. बैलबाजाराचा कायदा असा, की घेणाऱ्यानं सौदा पक्का होण्याआधी एकदा मोठ्यानं विचारायचं, "खोड काय?" विचारलं की विकणारानं खरं सांगायचं. मारका असेल तर मारका, नांगराला बसत असेल तर बसतो. विचारलं नाही, तर तो सांगायला बांधील नाही. आणि विचारलं, त्यानं सांगितलं, तरी तुम्ही घेतला, तर मग बैल परत नाही. ह्या कायद्यासाठी मामांनी आयुष्यात चार भांडणं केली आणि एक सोयरीक मोडली.

आम्ही तिघं एसटीनं नांदेडला गेलो. महानंदा हट्टानं आली. "बसायचं मला हाय, बघणार तुमी?" मी तिसरं तिकीट काढलं.

विकणाऱ्याचं नाव गंगाधरराव. (नावातच इशारा होता. पण आम्ही नावं ठेवण्यात पटाईत, वाचण्यात नाही.) खताचे व्यापारी, मऊ बोलणारे, पांढऱ्या कपड्यातले गृहस्थ. घर गोदावरीपासून हाकेच्या अंतरावर. नांदेडची माणसं तिला गोदावरी म्हणत नाहीत, गंगा म्हणतात. घराला मोठं अंगण, अंगणाला भिंत, आणि भिंतीच्या सावलीत ती उभी.

मी तिला पाहिलं आणि पारखायचं विसरलो. इतकी ती चकाचक होती. मामांनी मात्र गाडीभोवती उजवीकडून एक फेरी मारली, मागच्या बाजूला थाप मारली, थोडं थांबले (बैल असता तर लाथ झाडली असती), आणि समाधानानं मान हलवली.

"मारकी न्हाई," ते म्हणाले.

मग पुढे येऊन ते दिव्यांपाशी वाकले. दिव्याच्या काचेच्या आतल्या बाजूनं पाण्याचे बारीक थेंब दाटलेले होते. मी बोट दाखवलं.

"घाम हाय तो," मामा म्हणाले. "एसी किती जबर असंल बग. दिव्यापस्तोर गारवा चाललाय."

महानंदानं दार उघडलं. आतून मोगऱ्याच्या अत्तराचा भपकारा आला, आणि त्याच्या खालून हळूच दुसरा वास. तिनं डोळे मिटून तो छातीत भरून घेतला. "आवं, माठाचा वास येऊ लागलाय. नव्या माठाचा."

आता नांदेडच्या शेंबड्या पोरालाही त्या वासाचा अर्थ कळला असता. पण आम्ही पडलो लातूरचे. आमच्याकडे नळ आठ-दहा दिवसांनी येतो आणि तोही आल्यासारखं करून जातो. ओल्या मातीचा वास हा आमच्या लेखी श्रीमंतीचा वास. मीही वाकलो, हुंगलं, आणि मला वाटलं, महागड्या गाड्यांना असाच येत असेल.

मी सीटबेल्ट ओढून पाहिला. वरचा हातभर काळा, आणि पुढे शेवटापर्यंत मातकट तांबूस. "दोन रंगांचा आहे," मी म्हणालो. "साध्या गाड्यांना एकच रंग असतो." हे मी कुठून काढलं मला माहीत नाही. कुणी विचारलं नसताना ज्ञान पाजळायची मला सवय आहे.

डिक्कीत स्टेपनीचं चाक असतं, त्या खड्ड्यात मामांनी हात घातला. चिमूटभर काहीतरी काढलं, बोटांत चोळलं, नाकाला लावलं. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला माणूस तो, चेहरा खुलला.

"काळी माती. कसदार हाय रे. माणूस शेतीवाडीचा दिसतोय."

आणि महानंदाला त्याच खड्ड्यात एक बारकासा शंख सापडला. गोगलगाईचा. तिनं तो तळहातावर घेतला, कपाळाला लावला आणि पदराच्या गाठीत बांधला. "महादेवाचा कौल हाय," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. मला त्या क्षणी ती गाडी घ्यायचीच होती. कुणी आतून बेडूक काढून दाखवला असता, तरी मी तो शुभ मानला असता.

एक चक्कर मारून यायचं ठरलं. मी स्टिअरिंगवर, मागे मामा आणि गंगाधरराव. महानंदा पुढे बसली. मांडीवर काही नव्हतं, तरी तिचे दोन्ही हात डबा धरल्यासारखे वाटोळे होते. थोड्या वेळानं तिच्या ते लक्षात आलं. मग तिनं हात हळूच सोडवले आणि खिडकीच्या कडेला एक कोपर टेकलं, सुनंदा टेकते तसं. मी रस्त्याकडे बघत होतो. पण मला ते दिसलं. गाडी छान पळाली. फसवणाऱ्या वस्तू पहिल्या दिवशी छानच पळतात.

परत अंगणात आलो. सरबत झालं. आणि मामा उठून उभे राहिले, घसा साफ केला, आणि बाजारात विचारतात तसं खड्या आवाजात विचारलं, "बोला गंगाधरराव. खोड काय?"

गंगाधररावांनी पेला खाली ठेवला. तो माणूस प्रामाणिक होता, हे मला आज कबूल करावं लागतं, आणि करताना दात खावे लागतात.

"मामा, खोटं बोलणार न्हाई," ते म्हणाले. "गाडीनं लई पाणी पिलेलं हाय."

मामा दिलखुलास हसले. "पिलेलंच पायजे. बारा गावचं पिलेलं पायजे. अडाणी जनावर आमाला नकोच."

बारा गावचं पाणी प्यालेला माणूस म्हणजे पक्का, मुरलेला, कुठं अडणार नाही असा. मामांनी तोच अर्थ घेतला. मीही तोच घेतला. मराठी भाषा समृद्ध आहे, तिनं कैकांना बुडवलंय.

गंगाधरराव जरा गोंधळले. "तसं न्हाई. म्हंजी, ते बगा," आणि त्यांनी अंगणाच्या भिंतीकडे बोट केलं. भिंत छातीपर्यंत तपकिरी होती आणि वर पांढरी, मधली रेघ सुतात धरल्यासारखी सरळ. "तिथवर."

"लई झकास रंग काढलाय," मामा म्हणाले. "डबल डिस्टेंपर."

"रंग न्हाई हो मामा. गंगा हाय ती. गंगा आल्ती तिथवर."

मामांनी ताबडतोब टोपी सारखी केली आणि भिंतीला हात जोडले. "हर हर गंगे." महानंदानंही पदर घेऊन नमस्कार केला. आता दोघं जोडलेत तर मी कसा उभा राहू, म्हणून मीही जोडले. आम्ही तिघंही शिवभक्त माणसं. गंगा दारापर्यंत आलेलं घर, आणि त्या घरची गाडी, म्हणजे काय पुण्य!

गंगाधररावांनी एकदा भिंतीकडे बघितलं, एकदा आमच्या जोडलेल्या हातांकडे. मग सावकाश म्हणाले, "म्हंजी पाण्याचं चालंल तुमाला?"

"चालंल काय," मामा म्हणाले, "पळंल."

ह्यापुढे त्या माणसानं काय करायचं होतं? त्यांनी हात जोडले. मामांनी खांद्यावरचा रुमाल काढून त्याखाली त्यांची बोटं धरली आणि बाजारच्या रीतीनं भाव ठरवला. तो मला कळला नाही. पैसे देताना कळला.

घरी आणल्यावर गाडीनं हळूहळू स्वभाव दाखवायला सुरुवात केली. उजवीकडे वळलं की वायपर फिरायचे. मागे घेताना हॉर्न वाजायचा, तो पुढे घातल्याशिवाय थांबायचा नाही. एकदा भर बाजारात छत आपोआप उघडलं आणि तसंच राहिलं, आणि वरच्या मजल्यावरच्या बाईनं खाली न बघता तांदळाचं धुवण टाकलं. मी मामांना फोन केला.

"नवी दावण हाय," ते म्हणाले. "बैलबी दोन दिस चारा खात न्हाई. मारू नको तिला."

लग्नाचा दिवस उजाडला. महानंदानं मोरपंखी इरकल नेसली होती. नेसून ती आरशासमोर उभी राहिली नाही, थेट बाहेर जाऊन गाडीच्या काचेत बघून आली. मामाही बरोबर आले, मागे बसले. उदगीर मार्गे निघालो. ऊन मरणाचं, तरी तिनं एसी लावू दिला नाही. "देगलूर आलं की लावा. उतरताना गार पायजे, घाम नको." मला हे पटलं. गावाच्या अलीकडे तिनं गाडी थांबवायला लावली, चेहरा पुसला, कुंकू सारखं केलं, आणि समोर बघत म्हणाली, "मांडवाच्या दारापस्तोर घ्या. लांब लावू नका."

मी एसीचं बटन पूर्ण फिरवलं आणि गाडी मांडवाच्या दारात नेली.

सगळे दारातच होते. तिचा भाऊ, सासूबाई, सुनंदा, अप्पा, बँडवाले, शंभरेक पाहुणे. सगळ्यांच्या माना वळल्या. सुनंदाचं तोंड उघडं राहिलेलं मी पाहिलं. महानंदानंही पाहिलं. तिनं कोपर काचेला टेकलं. जे मागितलं होतं ते तिला मिळालं, आणि जेमतेम एवढाच वेळ मिळालं.

आधी एसीच्या जाळ्यांतून खरवडल्यासारखा आवाज आला. मग फुस्स झालं. आणि चारही जाळ्यांतून गाळ आला. वर्षभर आत वाळत बसलेला, फुफाट्यासारखा, त्यात मधूनच ओला गोळा. तिच्या चेहऱ्यावर, इरकलवर, माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर. मी घाबरून दिसेल ते बटन दाबलं. हॉर्न वाजायला लागला. बँडवाल्यांना वाटलं पाहुणे खूश होऊन इशारा देऊन राहिले, त्यांनी बँड सुरू केला.

"दार उघडा," महानंदा म्हणाली.

दार उघडेना. चारही दारांना आतून कुलूप बसलं होतं. काचा खाली जाईनात. फक्त छत तेवढं वीतभर सरकलं आणि अडकलं. एवढ्यात सासूबाई भाकरतुकडा घेऊन आल्या. पहिल्यांदाच लेक-जावई स्वतःच्या गाडीतून आलेले. आत काय चाललंय ते त्यांना नीट दिसलं नाही, काचा गाळानं माखलेल्या. त्यांनी सावकाश गाडीवरून तुकडा ओवाळला आणि तांब्यातलं पाणी गाडीवर टाकलं. तेवढं पाणी अंगावर पडताच सगळे वायपर चालू झाले, मी घाईनं आतून बाहीनं काच पुसली, आणि त्या पुसलेल्या काचेतून सगळ्या मांडवाला आम्ही दिसलो.

लोक हसले. हसणारच. मी त्यांच्या जागी असतो तर मीही हसलो असतो, आणि मोबाइलही काढला असता.

काशिनाथअप्पा गाडीच्या पायरीवर चढून छताच्या फटीतून वाकले. त्यांनी काचेच्या रबरावरून बोट फिरवलं, नाकाला लावलं. हसले नाहीत. त्यांनी हसायला पाहिजे होतं, मला सोपं गेलं असतं.

"साडूबुवा," ते हळू म्हणाले, "ही पाण्यातली हाय."

"अप्पा, लातूरहून आलोय," मी म्हणालो. "पाणी कुठलं?"

एव्हाना सुनंदाही वास घ्यायला आली होती. तिच्यामागे नांदेडकडची सगळी वऱ्हाडी मंडळी. जो येई तो एकदा हुंगे आणि मान हलवी. "पुरातली गाडी हाय आक्का ही," सुनंदा वरून ओरडली, बँड चालू होता म्हणून सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "आमच्या नांदेडात असल्या गाड्या कुणी फुकट घेत न्हाई. लातूरच्या लोकायला इकून टाकत्यात."

नेमका त्याच वेळी बँड थांबला.

शेवटी मामांनी मागच्या सीटा आडव्या पाडल्या आणि डिक्कीच्या आतल्या खटक्यावर लाथा घालून ती उघडली. बाहेर पडायला तेवढाच रस्ता. महानंदा पुढच्या सीटवरून मधल्यावर, मधल्यावरून मागच्यावर अशी गुडघ्यांवर रांगत गेली आणि मागून उतरली, अंगभर गाळ, हातात आहेराची पिशवी. कुणीतरी तिला हात दिला. तिनं तो घेतला नाही. ती सरळ न्हाणीत गेली, आणि बाहेर आली तेव्हा तिच्या अंगावर सुनंदाची साडी होती. अक्षता पडेपर्यंत ती हसत होती. ते वर्षानुवर्षांचंच, जुनं हसू.

मी मांडवामागे, आचाऱ्यांच्या चुलीपलीकडे जाऊन गंगाधररावांना फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"शिवराजभाऊ, मी तीनदा सांगितलं," ते म्हणाले. "मामा म्हणले, चालंल काय, पळंल. तुमी तर भिंतीला नमस्कार केला. मला वाटलं, कळून सवरून घेऊन राहिले. गॅरेज असंल तुमचं."

मी फोन मामांच्या हातात दिला. म्हटलं, आता बाजारातली जीभ चालवतील. मामा ऐकत राहिले. "हाव," म्हणाले. मग, "हाव, बरोबर हाय तुमचं." मग, "न्हाई न्हाई, तुमच्याकडं दोष न्हाई." आणि फोन बंद करून मला परत दिला.

"त्यानं खोड सांगितली होती, शिवा. आता माघारी दिली तर बाजारात मला तोंड दाखवायला जागा न्हाई."

"मामा, तुम्ही बाजारात गेल्याला दहा वर्षं झाली."

"म्हणून काय कायदा बदलतो व्हय?"

संध्याकाळी अप्पा म्हणाले, तुम्हाला लातूरला सोडतो. सुनंदानं मागची सीट रिकामीही केली, डबे पायाशी घेऊन. महानंदा म्हणाली, "नको. आम्ही एसटीनं जातो." इतक्या वर्षांत तिनं पहिल्यांदा त्या गाडीला नको म्हटलं होतं. कुणी आग्रह केला नाही. आमची गाडी मेव्हण्याच्या वाड्यामागे ढकलून ठेवली आणि आम्ही तिघं स्टँडवर आलो.

एसटीत शेवटच्या लांब सीटवर जागा मिळाली. मध्ये मी, एका बाजूला महानंदा, दुसऱ्या बाजूला मामा. देगलूर मागे पडलं. मला वाटत होतं तिनं शिव्या द्याव्यात, रडावं, निदान सुनंदाला नावं ठेवावीत. मी काहीतरी बोलायचं म्हणून गंगाधररावांवर घसरलो. असल्या माणसाचं कधी भलं होत नाही, म्हटलं. आपण भोळे म्हणून फसलो.

तेव्हा ती माझ्याकडे न बघता बोलली.

"त्याला कशाला बोलताव? त्या माणसानं निदान खोड सांगितली तरी. तुमच्या घरच्यांनी मला देताना तेवढंबी सांगितलं न्हवतं."

मी मामांकडे बघितलं. (आमची सोयरीक मामांनीच जमवली, हे सांगायचं राहिलं.) मला वाटलं, आता भाच्याची बाजू घेतील, चेष्टेवारी नेतील. मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, डोकं खाजवलं आणि अगदी इमानदारीनं विचार केला.

"तुझ्या बापानं इचारलंच न्हवतं, पोरी," ते म्हणाले. "इचारलं असतं तर मला सांगावंच लागलं असतं."

आणि त्यांनी टोपी परत डोक्यावर ठेवली. त्याला आता वर्ष होत आलं. मामा अधूनमधून लातूरला येतात, जेवतात, मुक्काम करतात. माझी खोड कोणती, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. विचारलं तर ते सांगतील.